थांबलेल्या लंबकाची थरथर

भिंतीवरच्या घड्याळाची चावी संपली की लंबक थांबतो. निदान डोळ्यांना तसे दिसते. क्वांटम भौतिकशास्त्र मात्र सांगते, की झुलणारी कोणतीही वस्तू पूर्ण स्थिर होऊच शकत नाही. तिची सारी उष्णता काढून घेतली, तरी एक सूक्ष्म थरथर उरतेच.

ती मोजायची कशी? बोट लावावे तर थरथरच बिघडते. म्हणून शास्त्रज्ञ थरथरणाऱ्या आरशावर लेसरचा झोत सोडतात. आरसा किंचित हलला, की परतणारी प्रकाशलहर त्याच्या दुप्पट मागेपुढे सरकते. त्यावरून आरशाची हालचाल कळते. प्रकाशाचाही हलकासा धक्का बसतो, पण त्याचा हिशेब मांडता येतो.

मोजलेली थरथर साधी की क्वांटम, हे ओळखण्याच्या गणिताचा धागा चेन्नईपर्यंत जातो. ई. सी. जी. सुदर्शन मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकले. मद्रास विद्यापीठातून एम. ए. झाल्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि तेथून अमेरिकेत गेले. १९६३ साली त्यांनी दाखवून दिले, की प्रकाशाची कोणतीही अवस्था साध्या लहरींचे मिश्रण म्हणून मांडता येते. मात्र काही वेळा त्या मिश्रणातले प्रमाण चक्क उणे येते! उद्या पाऊस पडण्याची शक्यता शून्याहूनही कमी आहे, असे कोणी म्हणाले तर आपण हसू. पण असा आकडा हीच क्वांटमची खूण. आणि प्रकाशलहर व लंबक यांचे गणित एकाच जातकुळीचे असल्याने ही कसोटी दोघांनाही लागू पडते.

२००५ साली या क्षेत्रातल्या कामासाठी रॉय ग्लॉबर यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. सुदर्शन यांना वगळण्यात आले. त्यांनी समितीला पत्र लिहून आक्षेप नोंदवला, पण निर्णय बदलला नाही. १९८०च्या दशकात पाच वर्षे चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेचे संचालकपद सांभाळणारे सुदर्शन २०१८ साली निवर्तले. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत मात्र ही मांडणी ग्लॉबर-सुदर्शन अशा जोडनावानेच ओळखली जाते.

२०२१ साली अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेत प्रत्येकी ४० किलोच्या चार आरशांची एकत्रित थरथर प्रकाशाने मोजून, तिला आवर घालून, क्वांटम किमान पातळीच्या जवळपास आणण्यात आली. अशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली आहे.