दाखला हातात देण्याआधी

माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,


मी बीड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. नववीतल्या एका मुलाबद्दल आपल्याला लिहायचं आहे. त्याने वर्गातल्या पोराच्या दंडात कंपासमधलं कर्कटक खुपसलं. बैठक झाली, ‘वाया गेलेलं पोरगं’ असं ठरलं आणि दाखला देऊन त्याला मोकळं केलं. त्या ठरावावर माझीही सही आहे.

सही केल्यानंतर महिनाभर मला एकच गोष्ट आठवत राहिली. माझ्या तासाला मुलं बाकाबाकाने धडा मोठ्याने वाचतात. वाचन त्याच्यापासून दोन बाकांवर आलं की हा शेजाऱ्याला चिमटा काढायचा, वही फेकायचा. मी चिडून त्याला बाहेर काढायचो आणि तो मुकाट जाऊन दाराशी उभा राहायचा. त्याची पाळी चुकायची. वर्षभर हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं, आणि मी त्याला उद्धटपणा म्हणत राहिलो.

त्याला वाचता येत नव्हतं. आईवडील ऊसतोडीला. मुकादमाची उचल घेतलेली, म्हणून दिवाळीनंतर टोळीबरोबर जाणं आलंच. लहानपणी तोही कारखान्याच्या तळावर जायचा आणि अर्धं वर्ष शाळा बुडायची. मोठा झाल्यावर गावी आजीजवळ राहिला, पण तोवर वाचन कायमचं मागे पडलं होतं. ज्याला त्याने मारलं, तो त्याला ‘ढ’ म्हणून चिडवायचा. स्थलांतरितांची मुलं बिघडतातच असं माझं म्हणणं अजिबात नाही. बहुतेक मुलं कष्टाने शिकतात. पण चारचौघांत लाज निघण्यापेक्षा मार खाल्लेला बरा, असं या वयाला वाटतं. मेंदूचा आवर घालणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि मित्र बघत असले की राग आणखी उसळतो. त्यात एकदा ‘टारगट’ हा शिक्का बसला की मूल तसंच वागू लागतं.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७ टक्के मुलांना मानसिक आजार आढळले होते. माझा विद्यार्थी आजारी होता असं मी म्हणत नाही. त्याला कुणी विचारलंच नाही, एवढंच म्हणतो.

शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढू देत नाही. नववीत, म्हणजे ऐन वादळाच्या वयात, ते छत्र निघतं. विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा असं सांगितलं. आमचा पट चारशेच्या वर आहे. समुपदेशक नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक कार्यालयातल्या भिंतीवर आहे, पण मूल कार्यालयात येतं ते शिक्षा घ्यायला.

साहेब, दोन गोष्टी करा. समुपदेशकांची पदं भरा. लहान शाळांना चार-पाच मिळून एक द्या, पण तो आठवड्याला ठरल्या दिवशी यायला हवा. आणि त्याने मुलाशी बोलून लेखी मत दिल्याशिवाय नववी-दहावीच्या कुठल्याही मुलाला वर्तनावरून दाखला देऊ नये, असा शासन निर्णय काढा.

दिवाळीनंतर टोळ्या निघतील. नेमणुका त्याआधी व्हाव्यात, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक माध्यमिक शिक्षक