कापलेलं पाकीट

जालना जिल्ह्यातलं मंठा असो की भोकरदन, आठवडी बाजाराच्या दिवशी मेडिकलच्या काउंटरवर कात्रीला उसंत नसते. तेल-मीठ, भाजीपाला झाला की उरलेल्या पैशांत मागणी येते, "कोलेस्टेरॉलच्या सात द्या." दुकानदार दहाच्या पाकिटातून सात गोळ्या कापून देतो. औषधाचं नाव कधी त्या तुकड्यावर येतं, कधी दुकानातच राहतं. पुढच्या बाजाराला येणं झालं नाही की गोळी बंद.

कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही. ताप उतरावा तसा गोळीचा गुणही अंगाला कळत नाही. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला की अनेकजण गोळी सोडतात. तो नॉर्मल आला होता गोळीमुळेच, हे सांगायला त्या वेळी जवळ कुणी नसतं.

अशा रुग्णांसाठी दोन औषधांची एकत्रित गोळी फार कामाची आहे. रक्तातलं कोलेस्टेरॉल दोन वाटांनी येतं. बरंचसं यकृतासारखे अवयव स्वतः तयार करतात, काही आतड्यातून शोषलं जातं. अटोर्व्हास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन ही 'स्टॅटिन' गटातली औषधं यकृतातली निर्मिती कमी करतात. इझेटिमाइब आतड्यातली वाट अडवतं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल, म्हणजे घातक कोलेस्टेरॉल, आणखी जेमतेम ६ टक्क्यांनी उतरतं. डोस तोच ठेवून इझेटिमाइब जोडलं तर सुमारे २० टक्क्यांनी.

हा केवळ रिपोर्टातल्या आकड्यांचा खेळ नाही. हृदयविकाराच्या तीव्र त्रासातून नुकत्याच सावरलेल्या १८,१४४ रुग्णांचा 'इम्प्रूव्ह-इट' अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सात वर्षांत एकटं सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी ३४.७ टक्क्यांना हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, छातीत दुखून पुन्हा भरती होणं किंवा हृदयाची रक्तवाहिनी मोकळी करण्याची प्रक्रिया यांपैकी काहीतरी गाठून गेलं. जोडीला इझेटिमाइब असलेल्यांत हे प्रमाण ३२.७ टक्के होतं. फरक दोन टक्क्यांचा, पण शंभरातली ती दोन घरं कुणाची तरी असतात. दक्षिण कोरियातल्या २०२२ च्या अभ्यासात मध्यम डोसचं रोसुवास्टॅटिन आणि इझेटिमाइब ही जोडी जास्त डोसच्या स्टॅटिनइतकीच उपयोगी ठरली, आणि सोसत नाही म्हणून औषध सोडणारे किंवा कमी करणारे त्या गटात कमी निघाले. आपल्याकडे ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची.

मात्र एकत्रित गोळी म्हटली की सगळ्या सारख्या नव्हेत. स्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन एकत्र असलेली कॅप्सूल लोक 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणून ओळखतात. झटका येऊन गेलेल्याला अ‍ॅस्पिरिन लागते. ज्याचं फक्त कोलेस्टेरॉल वाढलं आहे त्याला सहसा नाही, उलट पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. तरी शेजाऱ्याचं पाकीट दाखवून "हीच द्या" म्हणणारे भेटतातच. स्टॅटिन आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी कमी करणारं फेनोफायब्रेट यांची जोडीही भरपूर खपते. मधुमेहींवरच्या २०१० च्या 'अ‍ॅकॉर्ड' अभ्यासात तिने एकूण रुग्णांचे झटके कमी केल्याचं दिसलं नाही. कोणती जोडी कुणाला, हे डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं हृदयरोगासाठीच्या काही एकत्रित गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. मग घनसावंगी-परतूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्टॅटिन-इझेटिमाइबची एकच गोळी, गरज असलेल्याला एका वेळी पूर्ण महिन्याची, मिळालीच पाहिजे. बाजाराच्या पिशवीतल्या उरल्यासुरल्या पैशांवर हृदयाचं औषध अवलंबून राहू नये.

तोवर मेडिकलवाल्यांनी एक करावं. सात गोळ्या कापल्या की चिठ्ठीवर औषधाचं नाव, डोस आणि मुदत मराठीत लिहावी आणि तुकडा त्याच चिठ्ठीत गुंडाळून द्यावा. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी "कोणती गोळी घेता?" विचारलं, तर पुढे ठेवायला ती चिठ्ठी हाताशी असेल.