मंडई कोणाची?

दिवाळी सरली की आमच्या भंडाऱ्याकडे गावोगाव मंडई भरते. गोवाऱ्यांची ढाल निघते, रात्री दंडार रंगते, घरोघर पाहुण्यांची दाटी होते. १९९९ साली गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तरी पाहुण्यांनी ती सीमा मानली नाही. या परंपरेचे गोडवे आम्ही पुरुष गातो. पण वाचकहो, त्या पाहुण्यांसाठी वडे तळणारी माउली मंडई पाहते कधी? माझ्या आईने उभ्या जन्मात दंडारीची ढोलकी चुलीपाशी बसूनच ऐकली, आणि मी पुढे बसून टाळ्या पिटल्या! परंपरेचा एवढा अभिमान असेल, तर यंदा मंडईच्या रात्री पुरुषांनी चूल सांभाळावी. वडे करपले तर करपोत. घरच्या लक्ष्मीला दंडार तरी पाहावयास मिळेल.