चादर घेऊन धावलेली माणसं

११ जुलै २००६, मंगळवार. चर्चगेटहून सुटलेल्या लोकल रोजच्यासारख्याच खच्चून भरलेल्या. संध्याकाळी ६.२४ला पहिला स्फोट झाला आणि ११ मिनिटांत खार, वांद्रे, जोगेश्वरी, माहीम, मीरा रोड, माटुंगा, बोरिवली या परिसरात मिळून सात. सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. १८०हून अधिक माणसं गेली.

रुग्णवाहिका यायच्या आधी रुळांवर पोचली ती शेजारच्या वस्त्यांतली माणसं. स्ट्रेचर नव्हतं, म्हणून त्यांनी घरातल्या चादरी ओढून आणल्या. चार टोकं चौघांनी धरायची, मधे जखमी, आणि खडीवर पाय सांभाळत रस्त्यापर्यंत न्यायचं. तिथे मिळेल त्या वाहनात घालायचं. त्या डब्यांतली आणि या झोपड्यांतली माणसं एरवी रोज एकमेकांसमोरून जायची, ओळख मात्र कधी झाली नव्हती. ज्या घरात मोजून चार चादरी, तिथून एक कायमची गेली, हे मला फार मोठं वाटतं.

दुसऱ्या दिवशी गाड्या धावल्या आणि ‘मुंबईचं स्पिरिट’ म्हणून वाहवा झाली. त्या कौतुकात मला सामील होता येत नाही. पुष्कळजण कामावर गेले ते खाडा परवडत नव्हता म्हणून. शहराची पाठ थोपटली की ज्यांचे कान गेले, हातपाय गेले, त्यांच्या पुढच्या उपचारांचं काय, हे विचारायचं राहून जातं. जुलै २०२५मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा झालेल्या सर्व १२ जणांना निर्दोष ठरवलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. हे कुणी केलं, हा प्रश्न १९ वर्षांनी गेलेल्यांच्या घरांपुढे पुन्हा उभा राहिला.

म्हणून यंदाच्या दिवाळी अंकात आम्ही धावून येणाऱ्यांइतकंच, नंतर येत राहणाऱ्यांबद्दल लिहवून घेतलं आहे. पहिले दहा-तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. खरी गरज त्यानंतरची: मृत्यूचा दाखला, बँकेचे खेटे, पेन्शनचे कागद, मुलांची फी. कुणीतरी सोबत रांगेत उभं राहणं.

२००६ची दिवाळी त्या स्फोटांनंतर तीनच महिन्यांनी आली होती. दुखवट्याच्या वर्षी घरात तळण होत नाही. शेजारी, नातलग फराळाचे डबे घेऊन जातात. ही आपली रीत मला अतिशय शहाणी वाटते. आता मात्र आपण बिचकतो. काय बोलायचं, जखमेवरची खपली निघेल का, असं म्हणत जाणंच टाळतो. जावं. गेलेल्याचं नाव घ्यावं. घरच्यांना ते नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं असतं. रडू आलं तर येऊ द्यावं. आणि डबा जरा मोठाच न्यावा, कारण त्या घरातल्या बाईलाही सणाला आलेल्या माणसासमोर चहाबरोबर काहीतरी ठेवायचं असतं.