मॉर्फिन आणि माणूस
पाय विस्तवाला लागला की मज्जातंतूंची दोरी ओढली जाते आणि मेंदूत घंटा वाजते: वेदनेचे हे चित्र तत्त्वज्ञ देकार्तने रेखाटले. त्याच्या मृत्यूनंतर, १६६४ मध्ये, ते फ्रेंचमध्ये छापून आले आणि पुढची तीनशे वर्षे युरोपीय वैद्यकाच्या मनातून गेले नाही. घंटा ऐकणारा माणूस मात्र त्या चित्रात नव्हता.

तो दिसला युद्धात. १९४४ मध्ये इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाला आढळले, की गंभीर जखमी सैनिकांपैकी बहुतेकांना वेदनाशामक नकोच आहे. त्यांच्यासाठी जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका होती. नागरी रुग्णालयात मात्र शस्त्रक्रियेची लहानशी जखमही रुग्णांना सोसवत नव्हती.

या निरीक्षणाला सिसिली सॉन्डर्स यांनी उपचाराचे रूप दिले. आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या या बाईंनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभारले. कर्करोगाच्या रुग्णाचे दुखणे शरीराचे असते, तसेच भीतीचे, मागे राहणाऱ्या लेकरांच्या काळजीचे, देवाशी चाललेल्या भांडणाचेही असते, असे त्या सांगत. तरी त्यांचा पहिला आग्रह मॉर्फिनचा होता. दुखणे उसळण्याची वाट न पाहता, घड्याळ लावून, दर चार तासांनी. वेदनेने पिळवटलेला माणूस मनातले बोलणार तरी कसा? समग्र उपचाराच्या नावाखाली औषध टाकून ध्यान करा असे सांगणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

अमेरिकेने नेमके उलटे केले. डॉ. जॉन बोनिका यांनी सिएटलला भूलतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट यांना एकाच रुग्णाभोवती बसवले होते. विमा कंपन्यांना असे उपचार महाग वाटू लागले. गोळी स्वस्त पडत होती; तीच उरली. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे अफूवर्गीय वेदनाशामक बाजारात आले आणि पुढे व्यसनाने घरेच्या घरे उद्ध्वस्त केली.

आपली चूक तिसरीच. मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने मॉर्फिन जिच्यापासून बनते ती अफू पिकते, परदेशी औषध कंपन्यांना जाते. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने डॉक्टर आणि औषध दुकानदार इतके धास्तावले, की पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. ज्यांना त्या काळात कर्करोग झाला, त्यांनी काय सोसले असेल! मुंबईत वांद्र्याचे शांती अवेदना सदन हे हॉस्पिस १९८६ मध्ये सुरू झाले, ते याच दिवसांत. वाट दाखवली केरळने. १९९३ पासून कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम उभे केले, त्यातून शेजारीपाजारीच कार्यकर्ते झाले. घरी मॉर्फिन पोहोचू लागले, जखमा धुतल्या जाऊ लागल्या, आणि गरज असेल तिथे तांदूळ आणि मुलांची फीसुद्धा मिळू लागली.

अमली पदार्थ कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसाठी लागणाऱ्या परवान्यांची माळ तोडली. आता रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने ती घेतलीच पाहिजे, मॉर्फिनचा साठा कधी संपू देता कामा नये, आणि त्या गोळ्यांबरोबर रुग्णाच्या घरी जाऊन बसणारी, घरच्यांचेही ऐकून घेणारी परिचारिका याच अर्थसंकल्पात नेमली पाहिजे.