नक्षी नको, कड बघा

१९ जानेवारी २०२४ रोजी सोलापूरजवळच्या कुंभारीच्या रे नगरात पंधरा हजार घरांचा ताबा दिला गेला. विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या कुटुंबांची ही घरं. त्याआधी २००६ साली याच कुंभारीत गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत झाली होती. दोन्हींमागे कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांनी चालवलेला लढा होता. डोक्यावर छप्पर आलं, की घरातल्या बाईचं लक्ष ओट्याखाली जातं. कडप्प्याच्या खणांना तारेत ओवलेला पडदा लावलेला असतो. तो काढून तिथे ट्रॉल्या आणि शटर बसवायची असतात. जुळे सोलापूरच्या नव्या फ्लॅटमध्येही इच्छा तीच असते, फक्त बजेट मोठं असतं.

पैसे बेताचे असले की शटर प्री-लॅमचं, म्हणजे प्री-लॅमिनेटेड पार्टिकल बोर्डचं होतं. लाकडाचा भुसा आणि बारीक चिप्स रेझिनमध्ये कालवून, गरम दाबाखाली बोर्ड तयार करतात. मग डिझाइन छापलेला कागद मेलामाइनच्या रेझिनमध्ये भिजवून तो बोर्डवर दाबून बसवतात. घरातल्या मेलामाइनच्या ताटल्या ज्या जातीच्या रेझिनच्या, त्याच जातीचं हे आवरण. म्हणूनच ते कडक असतं, त्यावर हळदीचा डाग सहज बसत नाही आणि ओल्या फडक्याने ते पुसून निघतं. वेगळा चिकटवलेला सनमायका पाऊण ते एक मिलिमीटर जाड असतो; प्री-लॅमवरचं आवरण त्याच्या मानाने फारच पातळ. उभ्या शटरला तेवढं पुरतं, कारण त्यावर कुणी भाजी चिरत नाही.

या बोर्डचं आणि आपल्या जिल्ह्याचं नातं फार जणांना ठाऊक नाही. पालखीच्या मुक्कामामुळे आणि अर्धनारी नटेश्वराच्या देवळामुळे आपण वेळापूर ओळखतो. त्याच वेळापूरला इकोबोर्ड कंपनीने उसाच्या चिपाडापासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचा कारखाना उभा केला. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे ते तीनशे किलो ओलं चिपाड निघतं, आणि राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आपल्याच जिल्ह्यात. त्यातलं बहुतेक चिपाड बॉयलरमध्ये जातं, अलीकडे सहवीजनिर्मितीमुळे तर त्याला चांगलाच भाव आला आहे. तरी आपल्या शेतातल्या उसाचा उरलेला चोथा आपल्याच स्वयंपाकघराचं दार होऊ शकतो, याचा मला मनापासून आनंद वाटतो. प्री-लॅमला ‘भुशाचा माल’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. माल वाईट नसतो. त्याचा स्वभाव न ओळखता केलेलं काम वाईट ठरतं.

आता दुकानातला पहिला प्रश्न. “ताई, प्लेन पाहिजे का डिझाइन?” समोर नमुने मांडलेले असतात: सपाट शटर, चौकट आणि मधे खोल फळी असलेलं शेकर पद्धतीचं शटर, उभ्या खाचांचं, कडेला गोलाई दिलेलं. डिझाइनचं शटर भारदस्त दिसतं आणि बहुतेकांचा हात तिकडे जातो. माझं मत स्पष्ट आहे: स्वयंपाकघरात मेलामाइनचं शटर सपाटच घ्या.

चौकट आणि मधली फळी ही रचना मुळात शोभेसाठी जन्मली नाही. अस्सल लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. सागवानाची रुंद फळी चारही बाजूंनी पक्की जखडली तर ती तडकते. म्हणून सुतारांनी दोन उभ्या आणि दोन आडव्या पट्ट्यांची चौकट केली, तिच्या आतून खाच पाडली आणि मधली फळी त्या खाचेत गोंदाशिवाय मोकळी ठेवली. फळी आतल्या आत हलते, दाराचं माप मात्र बदलत नाही. जुन्या वाड्यांच्या दारांत ही हुशारी आजही दिसते. पार्टिकल बोर्डला ही गरजच नाही. त्यात रेषा एकाच दिशेने धावत नाहीत, हवेतल्या ओलाव्याने तो लाकडासारखा आडवा फुगत-आक्रसत नाही. म्हणजे कारण संपलं, रूप तेवढं उरलं, आणि त्या रूपाचे आपण जादा पैसे मोजतो.

त्यातही एक अडचण आहे. प्री-लॅमवर राउटर फिरवून नक्षी काढता येत नाही, कारण वरचा कागद कापला गेला की आतला भुसा उघडा पडतो. मग डिझाइन येतं कुठून? एक तर पाच तुकडे जोडून: फॉइल गुंडाळलेल्या एमडीएफच्या (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) चार पट्ट्या आणि मधे मेलामाइनची फळी. नाहीतर एमडीएफवर नक्षी कोरून त्यावर पीव्हीसीचा पातळ पडदा तापवून ओढायचा. त्याला बाजारात मेंब्रेन शटर म्हणतात. पाच तुकड्यांच्या शटरला चार कोपऱ्यांत चार सांधे असतात आणि आतल्या कडेने सलग खाच. मेंब्रेन शटर गॅसच्या बाजूला असेल, तर सततच्या वाफेने आणि उष्णतेने त्याचा पडदा कोपऱ्यातून सुटायला लागतो. एकदा सुटला की घरी तो नीट परत बसत नाही.

आणि खाच म्हटलं की आपल्या स्वयंपाकघरात काय होतं, हे सोलापूरच्या बाईला सांगायला नको. मालदांडी ज्वारीचं पीठ परातीतून उडतं. भाकरी थापताना ते ओट्याच्या कडेवरून खाली झरतं आणि शेकर शटरच्या खालच्या आडव्या पट्टीवर जाऊन बसतं. शेंगा भाजल्यावर पाखडलेली सालं त्यात भर घालतात. वर फोडणीच्या तेलाची वाफ येते. पंधरा दिवसांत त्या खाचेत एक पिवळट, चिकट थर तयार होतो. मग तो काढायला सुरीचं टोक लागतं, टोकाने फॉइल कापली जाते आणि तिथून पाणी आत शिरतं. सपाट शटरला एक ओलं फडकं आणि एक कोरडं फडकं पुरतं. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात ही सोय लहान नाही. ज्या घरात पिण्याचं पाणीही जपून वापरायचं, तिथे शटर घासायला बादली कोण काढणार?

नक्षीत वाचलेला पैसा कडेवर घाला. मला आज सांगायचं आहे ते मुख्यतः हेच.

कापलेल्या प्री-लॅमची कड म्हणजे बोर्डचं उघडं तोंड. तिथून पाणी शिरलं की भुसा फुगतो, आणि फुगलेला बोर्ड वाळला तरी पूर्ववत होत नाही. म्हणून कडेवर पीव्हीसीची पट्टी लावतात, तिला एज बँडिंग म्हणतात. आतल्या खोक्याला पाऊण-एक मिलिमीटरची पट्टी चालते. शटरला मात्र दोन मिलिमीटरचीच घ्यावी. हातातली कळशी किंवा कुकर आपटला तर पातळ पट्टी फाटते, जाड पट्टी मार सोसते आणि तिच्या कडेला हलकी गोलाईही देता येते. शटरच्या ‘प्रोफाइल’चा हौशी विचार करायचाच असेल, तर एवढ्या गोलाईपुरता करा. पट्टी मशीनवर, गरम गमाने दाबून लावलेली हवी. साइटवर बसून हाताने चिकटवलेली पट्टी गॅसजवळ उन्हाळा-दोन उन्हाळे टिकली तरी नशीब.

सगळ्यात मोठी चोरी खालच्या कडेला होते. समोरून दिसतात त्या तीन कडांना पट्टी लागते, तळाची कड तशीच कोरी सोडली जाते, कारण वाकून कोण बघतं? आणि पाणी नेमकं तिथेच लागतं. पाण्याच्या दिवशी पाइप ओढून पिंप, हंडे, टाक्या भरल्या जातात, ओट्यापुढे फरशी ओली होते, पोछा मारताना फडकं शटरच्या बुडाला घासतं. सिंकखालच्या शटरचा तर तळच आधी फुलतो. म्हणून डिलिव्हरी घेताना प्रत्येक शटरच्या खालून बोट फिरवा. खरखरीत लागलं तर ते शटर परत पाठवा. बिजागरीसाठी पाडलेल्या ३५ मिलिमीटरच्या गोल खड्ड्याची कडही सील करून घ्या. चारही कडा बंद असल्या की बोर्डमधल्या फॉर्माल्डिहाइडचा वासही कमी बाहेर येतो, आणि मे महिन्यात बंद घरात पारा चढलेला असताना तो वास लहान मुलांना सोसत नाही. सिंकखालच्या एका खणापुरतं प्री-लॅम सोडून ओलावा सोसणारा बीडब्ल्यूआर प्लाय किंवा एचडीएचएमआर बोर्ड घेतला तर एकूण खर्च फारसा वाढत नाही. मी तर हा बदल आग्रहाने सुचवते.

शटर खणाच्या आत बसवायचं की चौकटीवर पांघरायचं, हा दुसरा निर्णय. आत बसवलेलं शटर देखणं दिसतं, पण त्याला चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटरची सारखी फट लागते. आपल्याकडे ओटा गवंडी बांधतो, कडप्पा उभा करतो आणि सुतार नंतर येतो. खण गुण्यात, म्हणजे काटकोनात असेलच याची खात्री नसते. वर पंधरा इंच, खाली पावणेपंधरा, हे नेहमीचं. अशा खणात आतलं शटर घासतं, सुतार रंधा मारतो आणि नुकतीच लावलेली कड पुन्हा उघडी पडते. म्हणून कडप्प्याला लाकडी पट्टी ठोकून त्यावर पूर्ण पांघरणारं शटर घ्यावं. त्याला सुतार झिरो क्रँकची बिजागरी लावतात. अर्ध्या पांघरणाला आठची, आतल्या शटरला सोळाची. हा आकडा कोटेशनमध्ये लिहून घेतला की नंतर वाद होत नाही.

बिजागरीचा स्क्रू पार्टिकल बोर्डमध्ये एकदाच नीट बसतो. काढून पुन्हा त्याच भोकात घातला की ढिला होतो आणि मग भोकात आगपेटीच्या काड्या खुपसायची वेळ येते. तेव्हा पहिल्या दिवशीच माप बघून भोक पाडायला लावा, शक्य तर आत प्लास्टिकचा गट्टू घाला. अडीच फुटांपर्यंतच्या शटरला दोन बिजागऱ्या पुरतात. सात फुटांच्या कपाटाला चार तरी हव्यात. हँडलबद्दल एवढंच: कणकेच्या हाताने पकडता येईल असं साधं डी हँडल उत्तम. भोकांतलं अंतर ९६, १२८ किंवा १६० मिलिमीटर असं प्रचलित मापाचं ठेवा, म्हणजे पुढे हँडल बदललं तरी नवी भोकं पडत नाहीत.

झोपण्याच्या खोलीतल्या कपाटाची गोष्ट वेगळी. तिथे पीठ नाही, तेल नाही. तुम्हाला शेकर आवडत असेल तर खुशाल करा. पण उंच शटरला बाक येतो, तो टाळायला बोर्ड दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेलाच घ्या. प्लायवर फक्त बाहेरून सनमायका आणि आतून नुसता रंग असेल, तर दोन बाजूंचा ताण वेगळा पडतो आणि वर्षभरात दार धनुष्यासारखं वाकतं.

बोर्डवर आयएसआयची खूण आणि आयएस १२८२३ हा क्रमांक आहे का, तेही बघा. प्री-लॅमसाठी तेच मानक आहे.

शहरातल्या ट्रॉलीवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. रे नगरातली किंवा गोदूताई वसाहतीतली बाई तुमच्याकडे येते तेव्हा ती हप्त्यांचे, भिशीचे पैसे घेऊन येते आणि तेच शटर तिला पंधरा वर्षं वापरायचं असतं. तिला आधी सपाट नमुना दाखवा. चारही कडांची दोन मिलिमीटरची पट्टी मूळ दरातच धरा, तळाची कड वेगळी मोजू नका.