आंखणीचें वावडें

आमच्या प्रवासवर्णनांत एक समजूत फार दिवस मुक्काम ठोकून बसली आहे. ती अशी कीं, डोंगरांत जावें तें मनाला येईल तेव्हां आणि पाय नेतील तिकडे; घड्याळ, नकाशा व वाऱ्याची चौकशी हीं कारकुनाचीं कामें, रसिकाचीं नव्हेत. आमच्या मतें ही समजूत साहित्यदृष्ट्या पोकळ व व्यवहारदृष्ट्या घातक आहे. मोघम वाद घालण्यापेक्षां एका नक्की स्थळावर तिची परीक्षा करूं.

स्वित्झर्लंडच्या आग्नेय भागांत एंगाडिनचें उंच खोरें आहे. त्यांत समुद्रसपाटीपासून सुमारें १८०० मीटरवर सिल्सचें सरोवर पसरलें आहे. त्याची लांबी सुमारें ५ किलोमीटर. ईशान्य टोकास सिल्स, नैर्ऋत्य टोकास मालोया. आणि मालोयाच्या खिंडीपलीकडे जमीन एकदम ब्रेगाल्याच्या खोऱ्यांत कोसळते. डोंगराळ मुलखांत सामान्यतः दिवसा ऊन तापलें म्हणजे वारा खोऱ्याच्या खालच्या अंगाकडून वर चढतो. येथें मात्र उलट प्रकार. ब्रेगाल्यांतील तापलेली हवा खिंड ओलांडून आंत शिरते आणि भर दुपारीं एंगाडिनच्या उताराच्याच दिशेनें, मालोयाकडून सिल्सकडे, धांवूं लागते. उन्हाळ्यांतील स्वच्छ दिवशीं सकाळीं पाणी बहुधा निश्चल असतें. दुपारच्या सुमारास हा मालोया-वारा उठतो व सायंकाळपर्यंत वाहतो. शेजारच्या सिल्व्हाप्लानाच्या सरोवरावर शिडाच्या फळ्या घेऊन लोक येतात ते ह्याच वाऱ्याच्या भरंवशावर.

आतां आमचा स्वच्छंद रसिक येथें काय करील? सावकाश न्याहारी उरकून दहा-अकराला सिल्सहून निघेल, सपाट पाहून दक्षिण कांठ धरील, मालोयास पोंचेतों वारा तोंडावर घेईल. आणि मग उरलेला उघडा, चढाचा उत्तर अंग थकल्या पायांनीं दुपारीं चढूं लागेल. त्याच वेळीं ढग दाटले, तर पावसाला व विजेला आडोसा नाहीं. हवा ५ अंश असतां ताशीं ४० किलोमीटर वेगाचा वारा उघड्या अंगाला गोठणबिंदूखालच्या थंडीसारखा झोंबतो. कपडे भिजलेले असले तर विचारावयासच नको. रसिकाचें स्वतःचें तो पाहून घेईल; पण बरोबर म्हातारी आई किंवा दहा वर्षांचें पोर असलें, तर त्याच्या स्वच्छंदाचें देणें त्यांनीं कां फेडावें?

ह्याच जागेची आंखणी अशी. सकाळीं लवकर, वारा निजलेला असतांना, सिल्सहून उत्तरेची वरची वाट धरावी. ग्रेव्हासाल्व्हासच्या दगडी घरांवरून मालोयास उतरावें. तेथें विसांवा घ्यावा. मग दक्षिण कांठानें, ईसोलाच्या वाडीवरून, वारा पाठीवर घेऊन परतावें. विसांव्यासह सहा-सात तास हाताशीं ठेवावे, आणि कोठून मागें फिरावयाचें हें निघण्यापूर्वींच ठरवावें. मालोयास पोंचेतों कोणी थकलें, तर तेथून सिल्सकडे मोटार जाते. तिच्या वेळा आदल्या दिवशींच टिपून घ्याव्या. ह्यांत काव्य कोठें मेलें? उलट निश्चल पाणी आणि उसळतें पाणी, एकाच सरोवराचीं हीं दोन रूपें, आंखणी करणाऱ्यास दोन्ही सुखानें पाहावयास मिळालीं.

आमचे प्रतिपक्षी येथें नीत्शेचें नांव पुढें करतील. १८८१ च्या ऑगस्टांत सिल्व्हाप्लानाच्या कांठीं, सुरलेजजवळच्या एका प्रचंड शिळेपाशीं, त्याला अनंत पुनरावर्तनाची कल्पना सुचली. ती काय वेळापत्रक पाहून, असें ते विचारतील. आमचें उत्तर सोपें आहे. हा मनुष्य १८८१ चा उन्हाळा आणि पुढें १८८३ पासून १८८८ पर्यंतचे उन्हाळे सिल्समध्येंच राहिला, आणि त्याच त्या वाटा रोज तासन् तास चालला. त्याचा विचार स्वैर होता. चालणें अत्यंत नेमाचें होतें. पायाखालची वाट ओळखीची होती म्हणूनच डोकें मोकळें राहिलें.

नुसत्या कोष्टकवाल्यांचीहि बाजू आम्हांस घ्यावयाची नाहीं. इतके किलोमीटर भागिले इतका वेग, असा हिशेब मांडणाराहि फसतो. कारण त्याच्या कोष्टकांत सकाळचा किलोमीटर आणि दुपारचा किलोमीटर सारखाच असतो. वाऱ्याच्या सरोवरावर तो सारखा नसतो. खरी आंखणी म्हणजे आंकडेमोड नव्हे. ती त्या जागेच्या स्वभावाची विचारपूस आहे.

आमच्या किनाऱ्यावरचा तांडेल मतलई वारा केव्हां सुटतो आणि खारा केव्हां फिरतो हें पाहून होडी लोटतो. त्याला आजवर कोणी अरसिक म्हटलें नाहीं. समुद्र त्याला जितका कळला आहे तितका वाळूंत बसून सूर्यास्तावर उसासे टाकणाऱ्यास कळलेला नाहीं. मग डोंगरांत गेल्यावरच अज्ञानाला रसिकतेचा मान कां?

म्हणून प्रवासवर्णनकारांस आमची एकच विनंती. सरोवर निळें होतें हें आम्हीं शंभर वेळां वाचलें. आतां वारा कोणीकडून आला, किती वाजतां आला, आणि आपण तेव्हां कोणत्या कांठावर होतां, एवढें सांगा. तें ज्याला सांगतां येत नाहीं, त्यानें सरोवर पाहिलें नाहीं. त्याच्या कांठीं फक्त स्वतःस पाहिलें.